राखेचं गाऱ्हाणं हेगला नेता येतं का?

चिमणबाग
७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

काल बाप्पा गेले. घर एकदम रिकामं वाटतंय, म्हणून हा धागा.

आमच्या मंडळानं यंदा एका संध्याकाळी ऑर्केस्ट्राऐवजी व्याख्यान ठेवलं. विषय होता हवामानबदल आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय. ठरलेल्या वक्त्यांनी ऐन वेळी ताप आल्याचं कळवलं, आणि तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवल्याच्या गुन्ह्याबद्दल माईक माझ्या हातात आला. श्रोते तेवीस. त्यातले अर्धे मोदकांसाठी.

मी आपली वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशाची गोष्ट सांगितली. २०१९ साली पॅसिफिकमधल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ पोरांनी ठरवलं, की आपली बेटं बुडताहेत तर जगातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टालाच विचारू, याला जबाबदार कोण. वानुआतूच्या सरकारनं ते मनावर घेतलं. २९ मार्च २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं प्रश्न हेगला, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला, पाठवला. डिसेंबर २०२४च्या सुनावणीत ९६ देश आणि ११ संघटना बोलल्या. यंदा २३ जुलैला न्यायालयानं एकमतानं मत दिलं: हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, नुसती नैतिक नाही. खासगी कंपन्यांना आवर घालणं हाही त्या जबाबदारीचा भाग. ती पाळली नाही आणि त्यातून नुकसान झाल्याचं दाखवता आलं, तर भरपाईही देणं लागू शकतं.

टाळ्या पडल्या. मग दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. "बाई, ते बेटांचं कळलं. आपल्या पिथमपूरला भोपाळची राख पडून राहिली आहे. तिचं गाऱ्हाणं हेगला नेता येतं का?"

मी म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे. (शिक्षकाला उत्तर येत नसलं की प्रश्न नेहमीच फार चांगला असतो.) आरतीची वेळ झाली म्हणून वाचले. पण तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. जाणकारांनी सांगावं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून होता. हायकोर्टाच्या आदेशानंतर १ जानेवारीच्या रात्री तो १२ कंटेनरांत भरून इंदूरशेजारच्या पिथमपूरला आणला आणि भट्टीत जाळला. काम ३० जूनला संपलं. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, म्हणून राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त निघाली, आठशे टनांच्या वर.

---

काळा_कोट
७ सप्टेंबर, रात्री १०:२५

ताई, एका शब्दात उत्तर: नाही.

दोन शब्दांत: सरळ नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या घटनेतलं ३४वं कलम सांगतं की तिथे पक्षकार फक्त देश असू शकतो. माणूस नाही, गाव नाही, नगरपालिका नाही, संस्था नाही. पिथमपूरच्या माणसाला तिथे दार नाहीच. त्याच्या वतीनं भारत सरकार जाऊ शकतं, पण कोणाविरुद्ध? आपल्याच हायकोर्टाच्या आदेशानं आपल्याच राज्यानं हलवलेल्या कचऱ्याबद्दल?

पर्यावरणाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया मानतात तो निवाडा बघा. कॅनडात ट्रेल नावाच्या गावी, अमेरिकेच्या सीमेपासून दहा-बारा किलोमीटरवर, धातू वितळवण्याचा मोठा कारखाना होता. त्याचा गंधकाचा धूर दरीतून वाहत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर जायचा. कारखाना खासगी, पण भांडण दोन देशांनी आपलं मानलं. लवाद बसला आणि १९३८ व १९४१ असा दोन टप्प्यांत निवाडा आला: आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याच्या भूमीला धुराने इजा होईल असा करण्याचा कोणत्याही देशाला हक्क नाही. पैसेही मिळाले.

आता भोपाळ ठेवा शेजारी. २ डिसेंबर १९८४ची रात्र. कंपनीत ५०.९ टक्के मालकी अमेरिकन. हजारो माणसं मेली. पण वायूनं एकही सीमा ओलांडली नाही. ओलांडली होती ती भांडवलानं आणि तंत्रज्ञानानं, आणि त्यांच्यासाठी ट्रेलचा नियम नव्हता. धूर सीमेपलीकडे गेला की आंतरराष्ट्रीय कायदा जागा होतो. नफा सीमेपलीकडे जातो तेव्हा त्याला झोप लागते.

अजून एक. भोपाळचा दावा न्यूयॉर्कच्या कोर्टात चालू असतानाच, ऑक्टोबर १९८५मध्ये अमेरिकेनं हेगच्या न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मानणं बंद केल्याचं जाहीर केलं. कारण निकाराग्वानं तिथे अमेरिकेवर लावलेला खटला, भोपाळशी संबंध नाही. पण दार तेव्हाच लागलं.

---

जीरावन_जास्त
७ सप्टेंबर, रात्री १०:३१

वकीलसाहेब, 'सरळ नाही' म्हणजे 'वाकडं हो' का? आमच्याकडे आरटीओत असंच म्हणतात.

---

नानासाहेब_रामबागवाले
८ सप्टेंबर, सकाळी ६:१०

चिमणबागताई, तुमच्या व्याख्यानाला मी होतो. मोदकांसाठी नव्हतो, मधुमेह आहे.

स्पष्ट लिहितो. हे हेग वगैरे सगळं गोऱ्या लोकांचं प्रतिष्ठेचं दुकान आहे. पटलं तर मानायचं, नाही तर नाही. जपाननं अंटार्क्टिकात 'संशोधनासाठी' देवमासे मारले, २०१४ साली हेगनं सांगितलं की हे संशोधन नव्हे, बंद करा. जपाननं पाच वर्षांनी देवमाशांचा आयोगच सोडला आणि आता आपल्या समुद्रात उघड शिकार करतो. स्वित्झर्लंडच्या दोन हजारांवर आजीबाईंनी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात आपल्या सरकारला एप्रिल २०२४मध्ये हरवलं. दोन महिन्यांत तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहानं ठराव केला की आम्ही पुरेसं करतोय. झालं काय मग?

आणि आपण तरी कुठे मानतो? सिंधू करारावरच्या लवादाचे यंदाचे निवाडे आपण फेटाळले, आणि माझ्या मते बरोबरच केलं. घरचं पाणी परक्या पंचांच्या हाती का द्यायचं? मग त्याच पंचांकडे राखेची तक्रार घेऊन कोणत्या तोंडानं जायचं?

---

हेगची_ट्राम
८ सप्टेंबर, दुपारी १:५०

नमस्कार. माहेर छत्रीबागेत, सध्या मुक्काम नेदरलँड्समध्ये. कामाला जाताना रोज त्या शांतता प्रासादावरून जाते, म्हणून थोडं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

आपल्याकडे सगळे 'हेग' म्हणतात, पण हेगमध्ये कोर्टं म्हणजे सराफ्यातल्या दुकानांसारखी आहेत. पाटी नीट वाचली नाही तर कचोरीच्या रांगेत गराडू मागत बसाल.

१९१३ साली उघडलेला, मनोऱ्याचा, लाल विटांचा प्रासाद: त्यात चिमणबागताईंनी सांगितलेलं आंतरराष्ट्रीय न्यायालय. देश विरुद्ध देश. त्याच इमारतीत लवादांचं कायम कार्यालय. नानासाहेबांचा सिंधूचा लवाद त्याच्या छत्राखाली. तिकडे समुद्राच्या बाजूला वाळूच्या टेकड्यांजवळ आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथे माणसांवर खटले चालतात: नरसंहार, युद्धगुन्हे वगैरे. भारत त्याचा सदस्यच नाही. पर्यावरणाचा महासंहार हाही तिथला गुन्हा करावा असा प्रस्ताव वानुआतू, फिजी आणि सामोआनं सप्टेंबर २०२४मध्ये दिलाय.

आणि चौथं साधं डच जिल्हा न्यायालय. २०२१मध्ये शेल कंपनीला उत्सर्जन ४५ टक्के कमी करा असं सांगणारं हेच. व्हॉट्सअॅपवर तेव्हा 'जागतिक न्यायालयाचा दणका' म्हणून फिरलं होतं. ते जागतिक नव्हतं. इथल्या नागरिकांनी इथल्या कोर्टात इथल्या कायद्याखाली केलेला दावा होता. वरच्या कोर्टानं नोव्हेंबर २०२४मध्ये ४५चा आकडा रद्द केला. कंपनीवर जबाबदारी आहे हे मात्र ठेवलं.

समुद्राचं न्यायालय तर हेगमध्ये नाहीच, ते जर्मनीत हॅम्बुर्गला. त्यानं २१ मे २०२४ला सांगितलं की हरितगृह वायू म्हणजे समुद्राचं प्रदूषणच. हॅम्बुर्ग म्हटल्यावर आठवलं: २०१२ साली भोपाळचा हाच कचरा विमानानं जर्मनीला नेऊन जाळायचं घाटत होतं. तिथल्या लोकांनी विरोध केला, जर्मन संस्था मागे हटली. तेव्हा जर्मनांना नको झालेला कचरा शेवटी माझ्या मामाच्या गावाजवळ आला.

---

पिथमपूर_शिफ्ट३
८ सप्टेंबर, रात्री ११:०५

धागा वाचून राहिलो होतो, म्हटलं लिहावं. मी पिथमपूरलाच कामाला आहे, घर राऊला. रात्रपाळीच्या आधी टाइप करतोय, चुका पोटात घाला.

जानेवारीत काय झालं ते पेपरात आलंच आहे. २ तारखेला पहाटे गाड्या आल्या, ३ला गाव बंद. दोघांनी अंगावर पेट्रोल ओतलं, पेटले, भाजले. आमच्या लाइनवरची पोरं जेवणाच्या सुट्टीत भट्टीच्या दिशेनं बघत बसायची. चिमणीतून निघतंय ते आपल्याच कारखान्याचं की 'ते', कोणाला कळणार?

आता ऐकायला बरं नाही वाटणार ते. तारपुऱ्याच्या बाजूला माझ्या आतेभावाचं शेत आहे. तिथल्या बोअरचं पाणी भोपाळचा कचरा यायच्या कितीतरी आधीपासून पिवळं येतं. भांड्यावर पुटं चढतात. दोनदा तक्रार केली, एकदा माणूस आला, बाटली भरून घेऊन गेला, अहवाल आजवर नाही. कोणाचं पाणी कोणामुळे खराब झालं हे मी सांगू शकत नाही, तिथे शेकड्यांनी कारखाने आहेत. पण भोपाळच्या नावानं टीव्हीवाले आले. आमच्या बोअरच्या नावानं कोणी आलं नव्हतं.

आणि इंदूरकरांनो, राग मानू नका. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आठवा पुरस्कार घेतला, छान. पण पिथमपूर तुमच्यासाठी 'तिकडे' आहे. यशवंतसागरात पाणी झिरपेल म्हटल्यावर तुम्ही जागे झालात, कारण ते तुमच्या नळाला येतं.

हेगचं मला कळत नाही. मला त्या बाटलीचं काय झालं ते हवंय.

---

चिमणबाग
८ सप्टेंबर, रात्री ११:३२

शिफ्ट३, राग कसला मानायचा. खरं आहे. मी स्वतः त्या विषयावर पहिल्यांदा तोंड उघडलं ते यशवंतसागराचं नाव ऐकल्यावरच.

---

माहेर_इंदूर
९ सप्टेंबर, सकाळी १०:१५

मी पुण्यात असते, कायद्यातलं शून्य कळतं. एक बावळट प्रश्न: हेग नाही तर सरळ अमेरिकेतल्या कोर्टातच का नाही गेले भोपाळवाले? कंपनी तिथली, पैसा तिथला.

---

काळा_कोट
९ सप्टेंबर, रात्री ८:४०

माई, बावळट अजिबात नाही. गेले होते. १९८५मध्ये कायदा करून भारत सरकार सगळ्या पीडितांचं एकमेव प्रतिनिधी झालं आणि न्यूयॉर्कला दावा लावला. मे १९८६मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी तो परत पाठवला: घटना भारतात, साक्षीदार भारतात, भारताची न्यायव्यवस्था समर्थ आहे, तिथेच चालवा. वर वर बघता कौतुक. परिणाम म्हणजे ३.३ अब्ज डॉलर मागितले होते, १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड. जास्त भरपाईसाठी सरकारनं केलेली शेवटची याचिकाही सुप्रीम कोर्टानं १४ मार्च २०२३ला फेटाळली.

पण चाळीस वर्षांत ते दार किलकिलं झालंय. २०१९ साली झांबियातले १,८२६ गावकरी लंडनच्या सुप्रीम कोर्टात उभे राहिले. तांब्याच्या खाणीनं नदी-नाले खराब केले, खाण झांबियातल्या कंपनीची, तिची मालक वेदांता, नोंदणी लंडनची. कोर्ट म्हणालं, दावा इथे चालेल. आईकंपनी 'मुलीचं मला माहीत नाही' म्हणून सुटत नाही. (कंपनीचं नाव वाचून ओळखलं असेलच, मुळं आपल्याकडची. जो न्याय भोपाळला मिळाला नाही, तो मिळवताना समोर भारतीय वंशाची कंपनी. मला हे वाचून बरंही वाटलं आणि लाजही.) पुढे तडजोड झाली.

यंदा २८ मे रोजी जर्मनीत अजून एक निकाल लागला. पेरूच्या अँडीज पर्वतातल्या एका शेतकऱ्यानं जर्मन वीज कंपनीवर दावा केला होता. जगाच्या औद्योगिक उत्सर्जनात तुमचा वाटा ०.४७ टक्के, तर माझ्या गावावरचं हिमसरोवर फुटू नये म्हणून जो खर्च येईल त्याचा तेवढाच वाटा द्या. सुमारे सतरा हजार युरो. हरला, कारण त्याच्या घराला धोका पुरेसा सिद्ध झाला नाही. पण दूरदेशीच्या कंपनीला असं जबाबदार धरता येतं, हे तत्त्व कोर्टानं मान्य केलं. सतरा हजार युरोंसाठी दहा वर्षं लढला.

तेव्हा माझ्या मते 'आंतरराष्ट्रीय' काम खऱ्या अर्थानं कधी कधी देशांच्या साध्या कोर्टांत चालतं, हेगच्या प्रासादात नाही.

---

जीरावन_जास्त
९ सप्टेंबर, रात्री ९:०२

पैशांचा विषय निघालाच तर. हेगच्या मोठ्या कोर्टानं पर्यावरणाच्या नुकसानीची भरपाई पहिल्यांदा ठरवली ती २०१८ साली. निकाराग्वाच्या लोकांनी कोस्टारिकाच्या पाणथळीत कालवे खणले, जुनी झाडं तोडली. कोस्टारिकानं मागितले साधारण ६७ लाख डॉलर. मिळाले ३ लाख ७८ हजार ८९०, आणि वर ५९ सेंट. त्यातले निव्वळ निसर्गाच्या नुकसानीचे १ लाख २० हजार.

ते ५९ सेंट मला फार आवडले. आमच्या कॉलनीतला सोसायटीचा हिशोबनीस तिथे न्यायाधीश असणार.

---

नानासाहेब_रामबागवाले
१० सप्टेंबर, सकाळी ६:०५

जीरावनबुवा, माझ्याच मुद्द्याला फोडणी दिलीत. अजून एक ऐका: याच न्यायालयानं १९९३ला पर्यावरणासाठी सात न्यायाधीशांचं खास दालन उघडलं. तेरा वर्षांत एकही देश एकही खटला घेऊन फिरकला नाही. २००६ला बंद केलं. रामबागेत तेरा वर्षं गिऱ्हाईक नसलेलं दुकान मी पाहिलेलं नाही.

---

काळा_कोट
१० सप्टेंबर, रात्री ९:५०

नानासाहेब, दालनाचं अगदी बरोबर. पण कारण वेगळं आहे. देश 'आमचं भांडण पर्यावरणाचं' असं कबूलच करत नाहीत. एकाला ते नदीचं वाटतं, दुसऱ्याला सीमेचं, तिसऱ्याला व्यापाराचं. म्हणून पर्यावरणाचे महत्त्वाचे निवाडे दुसऱ्याच नावाच्या खटल्यांतून आलेत. अर्जेंटिना आणि उरुग्वे नदीकाठच्या कागद लगद्याच्या गिरण्यांवरून भांडले. २०१०च्या त्या निकालात न्यायालयानं सांगितलं की शेजाऱ्याला मोठी इजा होण्याचा धोका असेल तर आधी पर्यावरणीय आघाताचा अभ्यास करणं हे आता सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचंच बंधन आहे. उरुग्वे हरला, पण फक्त पद्धत न पाळल्याबद्दल. गिरणी चालूच राहिली.

आणि सिंधूचंच घ्या, तुमचं आवडतं. किशनगंगेच्या धरणावर २०१०ला लवाद बसला, २०१३ला निवाडा आला, तेव्हा आपण हजर होतो. धरण बांधायला परवानगी मिळाली, पण खाली नदीत सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी सोडत राहा, असं बंधन घातलं. नदी नदी राहावी म्हणून. जिथे पटलं तिथे गेलो, जिथे नाही पटलं तिथे नाही. कुलभूषण जाधवांसाठी आपणच हेगचं दार ठोठावलं ना? साळवेसाहेब एक रुपया घेऊन उभे राहिले आणि १७ जुलै २०१९ला निकाल लागला तेव्हा पेढे तुम्हीच वाटले असतील.

---

नानासाहेब_रामबागवाले
११ सप्टेंबर, सकाळी ६:२०

पेढे वाटले होते. मान्य. पण तिथे आपला माणूस होता.

---

काळा_कोट
११ सप्टेंबर, रात्री १०:१०

हेच तर. देश कोणत्या माणसाला 'आपला' म्हणून उभा राहील, हे देश ठरवतो. पिथमपूरच्या माणसासाठी उभा राहणार नाही. म्हणून 'सरळ नाही' म्हणालो होतो. आता 'वाकडं' सांगतो, आणि त्यासाठी हेगला जायची गरज नाही, निमाडात उतरा.

नर्मदेच्या पाणीवाटपाचा लवाद आठवतोय? १९६९ला बसला, १९७९ला निवाडा. पक्षकार कोण? मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थान. चिखल्दा, निसरपूर, किंवा बुडणारं दुसरं एक तरी गाव पक्षकार होतं? नाही. हेगसारखंच, राज्य विरुद्ध राज्य. गावांना बोलायला जागाच नव्हती. पण त्या निवाड्यात एक भाग होता: ज्यांची एक चतुर्थांशाहून जास्त जमीन जाईल त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, सिंचनाची. राज्यांच्या भांडणात कोपऱ्यात लिहिलेल्या त्या ओळी पुढे चाळीस वर्षं गावकऱ्यांनी हातात धरल्या. मोर्च्यात, हायकोर्टात, सुप्रीम कोर्टात. सगळ्यांना मिळालं का? नाही. २०१९ला चिखल्दा, निसरपूर बुडाले तेव्हा पुनर्वसनाची भांडणं चालूच होती. पण ज्यांना काही मिळालं, त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या ओळींमुळे मिळालं. ज्या लवादासमोर त्यांना उभंही करत नव्हते, त्याच्या ओळी.

हेगच्या जुलैच्या मताकडे मी असं बघतो. ते सल्ला आहे, बंधनकारक नाही. पण आपल्या कोर्टांना दूरचे शब्द आणून वापरायची जुनी सवय आहे. 'प्रदूषण करणाऱ्यानं भरावं' आणि 'खात्री नसली तरी खबरदारी घ्या', ही दोन्ही तत्त्वं सुप्रीम कोर्टानं १९९६ला वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय कायद्यातून उचलून देशाच्या कायद्यात बसवली. आज भोपाळच्या हरित न्यायाधिकरणात त्यांच्याशिवाय एक दिवस जात नाही. मार्च २०२४ला वीजतारांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्याच्या खटल्यात न्यायमूर्ती चंद्रचूडांच्या पीठानं सांगितलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा कलम १४ आणि २१खालचा हक्क आहे. तो खटला लावणारे रणजितसिंह आपल्याच मध्य प्रदेश केडरचे जुने सनदी अधिकारी, कान्ह्यात बारशिंगा वाचवणारे. निकालात माळढोकाला फारसं मिळालं नाही, सौर ऊर्जेच्या तारांना मिळालं. कायद्यात असंच होतं, पक्षी हरतो आणि वाक्य जिंकतं.

---

हेगची_ट्राम
११ सप्टेंबर, रात्री ११:४०

नर्मदेचं उदाहरण एकदम पटलं. फक्त एक भर. भारतानं सुनावणीत, ५ डिसेंबरला, न्यायालयाला सांगितलं होतं की हवामानाचे करार आहेत तेवढे पुरेत, नवीन बंधनं तयार करू नका, आणि ऐतिहासिक प्रदूषण श्रीमंत देशांनी केलंय. दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. पहिला मुद्दा अमेरिकेचाही होता, आणि न्यायालयानं तो नाकारला: करारांबाहेरचा सर्वसाधारण कायदाही लागू आहे. म्हणजे निदान 'करारात नाही' म्हणून सुटता येणार नाही. आपल्यालासुद्धा.

प्रासादाच्या दाराशी एक ज्योत आहे, तेवत असते. सुनावणीच्या दिवसांत पॅसिफिकची पोरं पावसात तिच्यासमोर गात होती. एवढ्या थंडीत अंगावर फुलांच्या माळा. मी ट्राम सोडली आणि उभी राहिले. भाषा कळली नाही.

---

माहेर_इंदूर
१२ सप्टेंबर, सकाळी ९:००

मग राखेचं पुढे काय? धागा राखेवरून सुरू झाला होता.

---

काळा_कोट
१२ सप्टेंबर, रात्री ९:१५

ती हायकोर्टात आहे, आणि तिची जागा तीच. इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी आधी याचिका केली होती, तशीच वाट. कुठल्याही वकिलानं तिथे हेगचं मत जोडलं तर मला नवल वाटणार नाही. 'राज्यानं खासगी प्रदूषकावर काटेकोर नजर ठेवायची' हा भाग इथे लागू करून बघता येईल. कोर्ट मानेल की नाही, ते त्या दिवशीच्या पीठावर.

शिफ्ट३, तुमच्यासाठी मात्र वेगळं सांगतो. तुमच्या आतेभावाच्या बोअरचा प्रश्न राखेचा नाही, आणि राखेत मिसळलात तर दोन्ही बुडतील. ती बाटली कोणत्या तारखेला नेली, कोणी नेली, पावती दिली का? माहितीच्या अधिकारात अहवाल मागा. दहा रुपयांचा अर्ज. आला तर अहवाल, नाही आला तर 'अहवाल नाही' असं लेखी उत्तर. दोन्ही उपयोगाचं. शिवाय स्वतः मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक नमुना तपासून घ्या, पावसाळ्यानंतर एक आणि उन्हाळ्यात एक. मग हरित न्यायाधिकरण. तिथे माणसाला दार आहे.

---

पिथमपूर_शिफ्ट३
१२ सप्टेंबर, रात्री १०:५०

पावती दिली होती, वकीलसाहेब. आतेभावानं पंचांगात ठेवली होती, कुठल्या वर्षाच्या ते विचारावं लागेल. रविवारी सुट्टी आहे, शेतावर जाऊन शोधतो. लॅबला किती लागतात?

---

काळा_कोट
१२ सप्टेंबर, रात्री ११:००

किती गोष्टी तपासायच्या त्यावर. जड धातूंसकट करा. खर्चाचं बघू, व्यक्तिगत निरोप टाकलाय.

---

नानासाहेब_रामबागवाले
१३ सप्टेंबर, सकाळी ६:०५

लॅबचं बिल मला पाठवा. हेगला एक पैसा देणार नाही, पण बोअरचं देईन.

---

जीरावन_जास्त
१३ सप्टेंबर, सकाळी ८:२०

नानासाहेब, वर ५९ सेंट विसरू नका.